लंगोट धुणार कोण?

गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून उद्योजक मातांच्या यशोगाथा नेमाने प्रसिद्ध होऊ लागल्या आहेत. त्यांतील एक कथा वारंवार आढळते. शहरातील सुशिक्षित तरुणी आई होते. बाजारातून आणलेल्या, वापरून फेकून द्यावयाच्या डायपरमुळे बाळाच्या अंगावर पुरळ उठते. आजीच्या काळातील सुती लंगोट आठवतो, पण तो वारंवार बदलण्याची दगदग नकोशी वाटते. मग ती आतून शोषून घेणारा, बाहेरून ओल न झिरपू देणारा, बटणे लावून लहानमोठा करता येणारा कापडी लंगोट तयार करविते. शेजारच्या आया तो मागू लागतात आणि घरगुती खटपटीचा पाहता पाहता कारखाना होतो. भारतात असे अनेक उद्योग २०१० नंतरच्या दशकात उभे राहिले. मुंबईत २०१६ साली पल्लवी उटगी यांनी सुरू केलेला ‘सुपरबॉटम्स’ हा त्यांतील नाव मिळविलेला उद्योग.

या यशाकडे नाक मुरडून पाहण्याचे समाजवाद्यांना काहीच कारण नाही. बाईने आपल्या अनुभवातून वस्तू घडवावी, ती बाजारात उभी करावी, चार माणसांच्या हाताला काम द्यावे, ही गोष्ट सट्टेबाजीने किंवा जमिनीच्या दलालीने मिळविलेल्या श्रीमंतीहून निश्चितच अधिक आदरास पात्र आहे. शिवाय वस्तू उपयुक्त आहे. एक कापडी लंगोट शेकडो वेळा वापरता येतो आणि तितके फेकाऊ डायपर कचऱ्यात जाण्याचे टळतात. तथापि यशोगाथा म्हणजे अर्थशास्त्र नव्हे. गाथेत नायिका असते, अडचण असते, जिद्द असते आणि शेवटी उलाढालीचा आकडा असतो. तो लंगोट दिवसातून पाच-सहा वेळा ओला झाल्यावर धुतो कोण, हा प्रश्न मात्र गाथेत कोठेच नसतो. आणि या उद्योगाचे सारे गणित त्याच प्रश्नावर उभे आहे.

१९४६चा दाखला

या प्रकारच्या यशाचा एक जुना आणि चांगला नोंदला गेलेला दाखला अमेरिकेतील आहे. तो थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे, कारण एका आईची कल्पकता कोणत्या परिस्थितीत जन्मास येते आणि शेवटी कोणाच्या हाती जाते, हे त्यात स्पष्ट दिसते.

मॅरियन डोनोव्हन ही कनेक्टिकट राज्यातील वेस्टपोर्ट या गावी राहणारी गृहिणी. दुसऱ्या अपत्याचे ओले लंगोट, ओली दुपटी आणि ओले अंथरूण धुण्यात तिचे दिवस जात होते. त्या वेळी लंगोटावर चढविण्याच्या रबरी चड्ड्या मिळत, पण त्यांनी बाळाची कातडी सोलून निघे. १९४६ साली तिने न्हाणीघरातील जलरोधक पडदा कापला आणि शिवणयंत्रावर बसून कापडी लंगोटावर घालण्याचे एक आवरण शिवले. पुढे पॅराशूटसाठी वापरले जाणारे नायलॉनचे कापड घेतले. टोचणाऱ्या सेफ्टी पिनांऐवजी दाबून लावण्याची बटणे बसविली. या वस्तूला तिने ‘बोटर’ असे नाव दिले. कारखानदारांकडे ती गेली, पण कोणी दाद दिली नाही. मग तिने स्वतःच उत्पादन केले. १९४९ साली न्यूयॉर्कच्या ‘सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू’ या बड्या दुकानात ‘बोटर’ विक्रीस आला आणि हातोहात खपला. १९५१ साली पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी केको कॉर्पोरेशनने दहा लाख डॉलर देऊन सर्व हक्क विकत घेतले. पुढे कागदाचा, वापरून टाकावयाचा लंगोट करण्याची कल्पनाही तिने कारखानदारांपुढे मांडली, पण त्यांना त्यात रस वाटला नाही. त्यानंतर थोड्याच वर्षांत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे तसा डायपर तयार केला आणि १९६१ साली इलिनॉय राज्यातील पिओरिया शहरात ‘पॅम्पर्स’ची चाचणी विक्री झाली. आज जगभर कचऱ्याच्या डोंगरांत जी वस्तू सापडते तिची ही सुरुवात.

या कथेत दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली म्हणजे मॅरियनचा वर्ग. तिचे वडील आणि चुलते यांत्रिक कारखान्याचे मालक होते. लहानपणी आई वारल्यावर ती त्या कारखान्यातच वावरली. ती पदवीधर होती, विवाहापूर्वी ‘व्होग’ या मासिकात काम केलेली होती. यंत्राची ओळख, शिक्षण, हाताशी पैसा, बड्या दुकानाचा दरवाजा ठोठावण्याचा आत्मविश्वास हे सारे तिच्यापाशी होते. तिच्या गुणांना यामुळे उणेपणा येत नाही. परंतु तिच्याच गावातील एखाद्या धोबिणीला हीच कल्पना सुचली असती तर ती पेटंट कचेरीपर्यंत पोचली असती काय, हा प्रश्न उरतोच. गुण सर्व वर्गांत जन्मास येतात. गुणांचे भांडवल मात्र ज्यांच्यापाशी आधीच भांडवल आहे त्यांचेच होते.

दुसरी गोष्ट १९४६ या वर्षाची. महायुद्धाच्या काळात अमेरिकेला कारखान्यांत स्त्रिया हव्या होत्या. म्हणून लॅनहॅम कायद्याखालील सरकारी निधीतून देशभर पाळणाघरे उघडण्यात आली. जुलै १९४४ मध्ये अशा तीन हजारांहून अधिक केंद्रांत सुमारे एक लाख तीस हजार मुले होती. बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्या त्या देशाने गरज पडताच मुलांचे संगोपन ही सार्वजनिक जबाबदारी मानली आणि ती पारही पाडली. युद्ध संपले, पुरुष परतले, स्त्रियांची गरज सरली आणि १९४६ साली केंद्र सरकारचा हा निधी बंद झाला. ज्या वर्षी शासनाने मुलांच्या संगोपनातून अंग काढून घेतले, त्याच वर्षी एका आईने न्हाणीघराचा पडदा कापला. हा काळाचा योगायोग असेल. वेस्टपोर्टची ही गृहिणी काही युद्धकारखान्यातील कामगार नव्हती. परंतु त्या योगायोगात एक नियम दिसतो. समाज जेव्हा एखादी जबाबदारी सोडून देतो तेव्हा ती प्रत्येक घरातील बाईच्या अंगावर सुटीसुटी येऊन पडते. मग एखादी बुद्धिमान बाई तिच्यावर खासगी तोडगा काढते, बाजार तो तोडगा विकत घेतो आणि उरलेल्या लाखो बायांना किंमत लावून विकतो.

हिशेबातील न लिहिलेली ओळ

आता भारताकडे वळू. येथे कापडी लंगोट ही नवी वस्तू नव्हे. आजीच्या जुन्या नऊवारीचे, आजोबांच्या विरलेल्या धोतराचे मऊ तुकडे हेच पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्रातील बाळांचे लंगोट होते. त्याला पैसा लागत नव्हता. म्हणून तो ‘फुकट’ होता असे समजले जाते. परंतु त्याला विहिरीवरून आणलेले पाणी लागत होते, राख किंवा साबण लागत होता, पावसाळ्यात निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून वाळवण करावे लागत होते आणि या साऱ्यासाठी घरातील सुनेचे हात लागत होते. त्या हातांना मोल नव्हते, एवढाच ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ.

आजच्या कापडी लंगोटाची जाहिरात बचतीच्या भाषेत होते. ती बचत तपासून पाहावयास हवी. उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. फेकाऊ डायपर दहा रुपयांना एक, दिवसाला पाच, अशी दोन वर्षे लागली तर खर्च साडेछत्तीस हजार रुपये होतो. कापडी लंगोट चारशे रुपयांचा धरला आणि वीस लंगोटांचा संच घेतला तर खर्च आठ हजार. म्हणजे बचत साडेअठ्ठावीस हजारांची. आता धुणे हिशेबात घेऊ. भिजविणे, धुणे, पिळणे, वाळत घालणे, घडी करणे या सर्वांस दिवसाला चाळीस मिनिटे लागतात असे मानले, तर वर्षाला सुमारे २४३ तास होतात. आठ तासांच्या दिवसाने ते तीस दिवस भरतात आणि दोन वर्षांचे साठ. दिवसाला तीनशे रुपये इतकी माफक मजुरी धरली तरी अठरा हजार रुपये होतात. म्हणजे साडेअठ्ठावीस हजारांच्या ‘बचती’पैकी जवळजवळ त्रेसष्ट टक्के रक्कम ही बचत नव्हेच. ती आईला न दिलेली मजुरी आहे. उरलेल्या साडेदहा हजारांतून पाणी, साबण आणि वीज वजा जावयाची.

आकडे कोणी बदलून पाहावेत. ज्या घरी धुलाई यंत्र आहे तेथे मिनिटे कमी होतील, जेथे पाणी डोक्यावरून आणावे लागते तेथे दुप्पट होतील. निष्कर्षाची दिशा बदलणार नाही. कापडी लंगोट काटकसरीचा आहे हे खरे, पण ती काटकसर प्रामुख्याने बाईच्या वेळेतून होते.

हा वेळ काही रिकामा पडलेला नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या कालविनियोग सर्वेक्षणात असे आढळले की, घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. त्यातही घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१, तर पुरुष अवघे २६. पाच वर्षांनी, २०२४च्या सर्वेक्षणात, स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. दहा मिनिटांची ही घट समतेकडे नेणारी नाही, कारण पुरुषाचीही जवळजवळ तितकीच मिनिटे कमी झाली आहेत. जो दिवस आधीच पाच तासांच्या बिनमोल कामाने भरला आहे, त्यात आणखी चाळीस मिनिटे घालण्याचा सल्ला पर्यावरणाच्या नावाने देणे सोपे आहे. तो सल्ला देणारा स्वतः धुणे धुणारा असेल तरच त्याला नैतिक बळ येते.

दुसराही एक हिशेब आहे. संपन्न घराला आठ हजार रुपये एकदम गुंतविणे जमते, म्हणून त्याला दीर्घ मुदतीची बचत साधते. हातावर पोट असलेल्या घराकडे एकदम आठ हजार नसतात. म्हणून प्रवासाला, दवाखान्यात किंवा लग्नाला जाताना ते कोपऱ्यावरच्या दुकानातून एक-दोन डायपरचे सुटे पाकीट घेते. रोज थोडे थोडे देऊन शेवटी अधिक देणे, हा गरिबीचा जुनाच कर आहे.

पर्यावरणाचा न्यायही धुण्यावरच

येथे कोणी म्हणेल की, पैशाचा हिशेब काहीही असो, पृथ्वीच्या दृष्टीने कापड श्रेष्ठ आहे. या म्हणण्यात तथ्य आहे, पण तेही बिनशर्त नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या यंत्रणेने २००८ साली एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. एका मुलाच्या अडीच वर्षांच्या वापरात फेकाऊ डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका उष्मावायू वातावरणात जातो, तर कापडी लंगोटामुळे सरासरी ५७०, असे त्यात दिसून आले. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच. मात्र यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळविले आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलासाठी वापरले तर कापडाचा भार चाळीस टक्क्यांनी घटतो. उलट उकळत्या पाण्याच्या जवळपास धुतले आणि विजेच्या यंत्रात वाळविले तर तो पंचाहत्तर टक्क्यांनी वाढतो. त्याच देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या अभ्यासात कापडाचा भार फेकाऊ डायपरहून सुमारे पंचवीस टक्के कमी आढळला. दोन्ही अभ्यासांचे सार एकच आहे. कापडाचे श्रेष्ठत्व कापडात कमी आणि धुण्याच्या पद्धतीत अधिक आहे. भारतात दोरीवर वाळविणे सर्रास आहे, ऊनही मुबलक आहे. त्यामुळे येथे कापडाची बाजू बळकट आहे. परंतु या सर्व अभ्यासांत यंत्राची वीज मोजली जाते, धुणारीचे हात मोजले जात नाहीत. ज्या देशात यंत्राची जागा हात घेतात तेथे पर्यावरणाचा नफा म्हणजे पुन्हा बाईचेच श्रम.

मग फेकाऊ डायपर वापरावा काय? तेथे तर अन्याय अधिक उघडा आहे. डायपर फेकला की तो दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी हातात जातो. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ संघटित केली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. या संस्थेतील बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया आहेत. घरोघरचा ओला-सुका कचरा निवडताना वापरलेले सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर त्यांना हाताने वेगळे करावे लागत. २०१३ साली या स्त्रियांनी वापरलेल्या नॅपकिनांची पुडकी बांधली आणि ती उत्पादक कंपन्यांना परत पाठविली. नफा तुमचा, मग घाण आमची का, एवढाच त्यांचा सवाल होता. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी नॅपकिन व डायपरच्या उत्पादकांवर असे बंधन घातले की, वस्तूबरोबर ती गुंडाळून टाकण्यासाठी पिशवी द्यावी आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीच्या व्यवस्थेला अर्थसाहाय्य करावे. बंधन कागदावर येण्यामागे कष्टकरी स्त्रियांचा लढा आहे, हे विसरता येणार नाही.

तेव्हा दोन मार्गांतील निवड अशी आहे. कापडी लंगोट आपले श्रम घरातल्या बाईवर टाकतो. फेकाऊ डायपर ते घराबाहेरच्या, बहुधा दलित, बाईवर टाकतो. पहिलीला मजुरी नाही आणि दुसरीला प्रतिष्ठा नाही. कापड की प्लॅस्टिक, या वादात रमलेला मध्यमवर्ग या दोघींपैकी कोणालाच वादात बोलावीत नाही.

शिवणारे हात

धुणाऱ्या हातांप्रमाणेच शिवणारे हातही गाथेबाहेर असतात. तयार कपड्यांच्या धंद्यात फार मोठे काम नगावर मोबदला घेऊन घरी शिवणाऱ्या स्त्रियांकडून करवून घेतले जाते. यंत्र तिचे, वीज तिची, जागा तिची. कामाची हमी मात्र नाही, आजारपणाची रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. अशा घरबसल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. कोणा एका उद्योगावर येथे ठपका ठेवावयाचा नाही. चांगली वागणूक देणारे उद्योजक असतात आणि त्यांत स्त्रियाही आहेत. परंतु चांगुलपणावर अवलंबून असलेला हक्क हा हक्क नसतो. एका आईने उभारलेल्या उद्योगात शिवणकाम करणारी दुसरी आई बाळंतपणाच्या रजेवर जाऊ शकते काय, ही त्या उद्योगाच्या यशाची खरी कसोटी होय.

या कसोटीला देशाचा कायदाच अपुरा पडतो. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती झाली. पुढे २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या. परंतु काम करणाऱ्या स्त्रियांपैकी फार मोठा हिस्सा असंघटित क्षेत्रात, शेतावर किंवा घरी काम करतो. तिच्या वाट्याला या सव्वीस आठवड्यांतील एकही दिवस येत नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा मातेस किमान सहा हजार रुपये देण्याचे वचन दिले. २०१७च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी पाच हजार ठरविले. वर गृहीत धरलेल्या लंगोटांच्या एका संचाची किंमत आठ हजार येते. राष्ट्राने मातेला केलेले वंदन बाळाच्या लंगोटांनाही पुरत नाही.

नोकरी करणाऱ्या सुशिक्षित स्त्रीचीही या व्यवस्थेत कोंडीच होते. रजा संपली की मूल ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न उभा राहतो. पुष्कळ उद्योजक मातांच्या कथांत ‘नोकरी सोडून धाडस केले’ असे वाक्य अभिमानाने येते. त्यांतील किती जणींनी नोकरी सोडली आणि किती जणींना सोडावी लागली, याचा शोध घेतला तर काही धाडसांचे खरे नाव निरुपाय असे निघेल.

चळवळीने काय करावे

समाजवादी चळवळीला हा विषय किरकोळ वाटण्याचा धोका आहे. लंगोटावर ठराव करावयाचा काय, असे कोणी हसून विचारील. त्याला उत्तर चळवळीच्या इतिहासातच आहे. खेड्यातील स्त्रीला शौचालय नाही आणि तिच्या डोळ्यांत चुलीचा धूर जातो, हे प्रश्न राजकारणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा आग्रह डॉ. राममनोहर लोहियांनी धरला तेव्हाही अनेक विद्वानांना ते क्षुल्लक वाटले होते. मृणालताई गोरे यांनी गोरेगावात पाण्याच्या नळासाठी लढे दिले आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. हंडाभर पाणी हे राजकारण असेल तर त्या पाण्यात धुतला जाणारा लंगोट राजकारणाबाहेर कसा राहील? ऑगस्ट २०१९ मध्ये जलजीवन योजना सुरू झाली तेव्हा देशातील ग्रामीण घरांपैकी शेकडा सतरा घरांतच नळजोडणी होती. त्यानंतर जोडण्या पुष्कळ वाढल्या. पण तोटी बसविणे आणि तोटीतून रोज पाणी येणे यांतील अंतर मराठवाड्यातील कार्यकर्त्यांना समजावून सांगावयास नको.

पहिली मागणी मातृत्वाच्या हक्काची असावी. असंघटित क्षेत्रातील प्रत्येक स्त्रीला, ती कोणाच्या नोकरीत असो वा नसो, सव्वीस आठवड्यांच्या किमान वेतनाइतका मातृत्व लाभ सरकारी तिजोरीतून मिळावा. दुसरी मागणी पाळणाघरांची. २००५च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईस मजुरीवर नेमण्याची तरतूद होती. तत्त्व उत्तम होते, अंमल दुबळा झाला. ते तत्त्व प्रत्येक वस्तीला लागू करावयास हवे. पाळणाघरात मुलांचे लंगोट एकत्र, यंत्रावर, पगारी हातांनी धुतले जातील. अमेरिकेच्या शहरांत लंगोट धुऊन घरपोच देणाऱ्या लॉन्ड्र्या एके काळी सर्रास होत्या. तेव्हा हे काम घराबाहेर जाऊ शकत नाही असे म्हणण्यात अर्थ नाही.

तिसरी मागणी करनीतीची. वस्तू व सेवा कराच्या रचनेत बाळाचा कापडी लंगोट आणि फेकाऊ डायपर एकाच वर्गात बसतात. २२ सप्टेंबर २०२५पासून हा दर बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला, त्याचे स्वागतच करावे. पण शेकडो वेळा वापरावयाची वस्तू आणि चार तासांत कचरा होणारी वस्तू यांत भेद न करणारा कर डोळस म्हणता येणार नाही. लंडनमधील काही नगरपरिषदा कापडी लंगोट घेणाऱ्या कुटुंबांना सवलतीची कूपने देतात, कारण कचरा उचलण्याचा खर्च अखेर त्यांनाच पडतो. येथे कापडी लंगोट करमुक्त करावा आणि फेकाऊ डायपरच्या उत्पादकांकडून घेतलेली रक्कम थेट कचरावेचकांच्या वेतनावर, हातमोज्यांवर व आरोग्यावर खर्च करावी.

चौथी गोष्ट सरकारकडे मागावयाची नाही, चळवळीनेच करावयाची आहे. १९५९ साली गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले आणि लाटणारी प्रत्येक बहीण त्या संस्थेची मालक ठरली. त्या संस्थेत उणिवा नाहीत असे नव्हे. परंतु यश एकीच्या नावावर न जमता हजारो जणींत वाटले जाऊ शकते, हे तिने सिद्ध केले. कापडी लंगोट हा अशा सहकारी उत्पादनास अत्यंत सोयीचा जिन्नस आहे. शिवणयंत्र बहुतेक वस्त्यांत आहे, कापूस विदर्भाचा आहे, गिऱ्हाईक प्रत्येक गल्लीत आहे. बचत गटांनी तो शिवावा, सहकारी भांडारांनी विकावा, प्रसूतिगृहांनी बाळंतिणीला संच द्यावा. संचाची किंमत गरीब घराला हप्त्याने देता यावी. मॅरियन डोनोव्हनच्या कल्पकतेला कंपनीने विकत घेतले. दहा बायांच्या सामाईक कल्पकतेला विकत घेणे कंपनीला इतके सोपे जाणार नाही.

आणि पाचवी गोष्ट कोणत्याही ठरावात बसणारी नाही. साधेपणाचे व्रत घेतलेल्या अनेक घरांत खादी वापरली जाते आणि ती धुते मात्र पत्नी. समतेवर तीन तास व्याख्यान देऊन रात्री घरी परतलेल्या कार्यकर्त्याचे पान वाढून ठेवलेले असते आणि मोरीत लंगोटांची बादली भिजत असते. ती बादली उचलण्यास भांडवल लागत नाही, कायदा लागत नाही, क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. पुरुषाची मिनिटे ९७वरून ८८वर आली, त्या आकड्यात समाजवादी घरेही मोजली गेली आहेत.

उद्योजक मातेचे अभिनंदन अवश्य करावे. तिने एक चांगली वस्तू घडविली. ती वस्तू न्याय्यही व्हावयाची असेल, तर ती शिवणारीला हक्क, धुणारीला सवड आणि कचरा उचलणारीला सन्मान मिळाला पाहिजे. बाजार यांपैकी पहिली गोष्ट नाखुशीने देईल, दुसरी देणार नाही आणि तिसरीचा विचारही करणार नाही. ती तिन्ही कामे संघटित राजकारणाची आहेत, आणि त्यांना आरंभ घरच्या मोरीपासून करता येतो.